पार्श्वभूमी : सीमा सरकत राहिलेला पोलंड

पोलंडचं क्षेत्रफळ साधारण ३ लाख १२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा किंचित जास्त. लोकसंख्या पावणेचार कोटींच्या आसपास, आपल्या निम्मीसुद्धा नाही. पण हे क्षेत्रफळ फक्त आजचं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पोलंड-लिथुआनियाचं राज्य दहा लाख चौरस किलोमीटरच्या घरात होतं. १८०० साली ते शून्य होतं. १९४५ नंतर तर सगळा देशच उचलून पश्चिमेकडे सरकवला गेला. दक्षिणेला कार्पेथियन पर्वत आहेत. पूर्वेला आणि पश्चिमेला मात्र नुसतं सपाट मैदान, एका बाजूला जर्मन तर दुसऱ्या बाजूला रशियन.

इतिहासाची सुरुवात ९६६ पासून धरतात. त्या वर्षी मिएश्को या राज्यकर्त्याने रोमचा ख्रिस्ती धर्म स्वीकारला. भाषा रशियनच्या कुळातली, पण लिपी रोमन आणि चर्च कॅथलिक, हे वेगळेपण तिथून आलं. पुढे १३८६ मध्ये राणी याद्विगाचं लग्न लिथुआनियाच्या यागिएलोशी झालं आणि १५६९ च्या लुब्लिन कराराने दोन्ही राज्यं एक झाली.

या राज्याची तऱ्हाच न्यारी होती. राजा वंशपरंपरेने ठरत नसे, सरदार मंडळी त्याला निवडून देत. असा निवडून आलेला पहिला राजा फ्रान्सचा हेन्री. भाऊ वारल्याने फ्रान्सची गादी रिकामी झाल्याचं कळताच, १५७४ मध्ये तो क्राकूव्हच्या किल्ल्यातून रातोरात पळून गेला! त्याच्या निवडीच्या थोडं आधी, १५७३ मध्ये, धार्मिक सहिष्णुतेची हमी देणारा करार झाला होता. बाकी युरोप धर्मावरून एकमेकांचे गळे कापत असताना इथे कॅथलिक, प्रोटेस्टंट, ऑर्थोडॉक्स आणि ज्यू शेजारी शेजारी राहत होते. संसदेत मात्र एका सदस्याने ‘मला मान्य नाही’ म्हटलं की सगळं कामकाज बाद. हा अधिकार १६५२ मध्ये प्रथम वापरला गेला आणि मग शेजारच्या सत्तांना सोपं झालं. एखादा सरदार विकत घेतला की काम फत्ते. १७९१ मध्ये पोलिश लोकांनी लेखी राज्यघटना करून ही पद्धत मोडीत काढली, तोवर फार उशीर झाला होता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन घासांत देश गिळला.

त्यानंतरची १२३ वर्षं पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता. १८३० आणि १८६३ चे उठाव चिरडले गेले. मग लढाई शाळेत आणि चर्चमध्ये आली. प्रशियाच्या ताब्यातल्या व्जेश्न्या गावात १९०१ साली मुलांनी धर्मशिक्षणाच्या तासाला जर्मनमधून उत्तरं द्यायला नकार दिला. त्यांना छड्या बसल्या आणि विरोध करणाऱ्या पालकांना तुरुंगवास झाला. रशियन अमलातल्या वॉर्सात मुलींना विद्यापीठात प्रवेश नव्हता, म्हणून घरोघरी जागा बदलत चोरून वर्ग भरत. त्यांनाच ‘फिरतं विद्यापीठ’ म्हणत. तिथे शिकलेली मारिया स्क्वोदोव्स्का पुढे पॅरिसला गेली आणि मारी क्युरी म्हणून जगाला माहीत झाली. १८९८ मध्ये सापडलेल्या नव्या मूलद्रव्याला तिने पोलोनियम नाव दिलं. देश नकाशावर नसताना त्याचं नाव रसायनशास्त्रात कायमचं नोंदलं गेलं.

१९१८ मध्ये देश परत मिळाला, तो जेमतेम वीस वर्षांसाठी. १ सप्टेंबर १९३९ ला हिटलर पश्चिमेकडून घुसला, १७ सप्टेंबरला स्टालिन पूर्वेकडून. युद्धात सुमारे ६० लाख पोलिश नागरिक गेले. त्यांतले निम्मे ज्यू होते.

सोव्हिएत फौजांनी पूर्व भागातून लाखोंना सैबेरिया आणि मध्य आशियात हाकललं. त्यांतले काही १९४१ नंतर सुटून इराणमार्गे भारतात आले, आणि इथे ही गोष्ट आपल्याकडे पोहोचते. कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, त्यांत बायका-मुलंच जास्त. शाळा, चर्च, दवाखाना असं अख्खं गावच वसलं होतं. आज कोल्हापुरात त्यांचं स्मारक आहे आणि वॉर्सात कोल्हापूरचं.

त्यांना परत जायचं तरी कुठे, हाही प्रश्नच होता. अनेकांची घरं आता सोव्हिएत हद्दीत होती. ल्वूफ (आजचं युक्रेनमधलं ल्विव) आणि विल्नो (आजचं लिथुआनियातलं विल्निअस) ही जुनी पोलिश शहरं गेली, बदल्यात जर्मनांचं ब्रेस्लाऊ मिळालं आणि त्याचं व्रोत्सवाफ झालं. तिथल्या जर्मनांना बाहेर काढून पूर्वेकडचे पोलिश वसवले. ल्वूफचे प्राध्यापक आले आणि तिथलं गाजलेलं ग्रंथालयही, पण त्याचा सगळा संग्रह काही आला नाही. वॉर्सा १९४४ च्या उठावानंतर जर्मनांनी पद्धतशीर उद्ध्वस्त केलं होतं. जुना भाग पुन्हा बांधताना अठराव्या शतकातल्या बेलोट्टोच्या चित्रांचाही आधार घेतला. म्हणजे पर्यटक ज्यांचे फोटो काढतात त्या ‘जुन्या’ इमारती आपल्या आजोबांच्या वयाच्या आहेत.

कम्युनिस्ट राजवट, १९८० मध्ये ग्दान्स्कच्या गोदीत उभी राहिलेली ‘सॉलिडॅरिटी’ ही कामगार संघटना, १९८९ च्या निवडणुका आणि २००४ मधला युरोपीय संघातला प्रवेश, हा पुढचा भाग बहुतेकांना ठाऊक असतो.

कमी ठाऊक असते ती एक गोष्ट. आज पोलंड म्हटलं की एक भाषा, एक धर्म, एक वंश असंच चित्र दिसतं, आणि तिथले काही राजकारणीही तेच फार प्राचीन असल्यासारखं मांडतात. प्रत्यक्षात १९३९ पूर्वी तिथला सुमारे तिसरा हिस्सा युक्रेनी, ज्यू, बेलारूसी आणि जर्मन होता. हे एकजिनसीपण हिटलरच्या छावण्यांनी आणि स्टालिनने आखलेल्या सीमांनी घडवलेलं आहे, ऐंशी वर्षांपलीकडचं नाही. फेब्रुवारी २०२२ नंतर लाखो युक्रेनी सीमा ओलांडून आले. पोलिश कुटुंबांनी त्यांना घरात घेतलं, आता वॉर्साच्या ट्राममध्ये युक्रेनी सहज कानावर पडते. त्याच वेळी १९४३ मध्ये व्होलिनिया भागात युक्रेनी राष्ट्रवाद्यांनी केलेल्या पोलिश गावकऱ्यांच्या कत्तली आणि तिथे पुरलेले मृतदेह उकरून काढण्याची परवानगी यावरून दोन्ही सरकारांत खटके उडत आले आहेत.