तृतीयपंथी ओळखपत्राचा अर्ज: कोणी करायचा, कागद काय लागतात

आपल्या सरकारी फॉर्मवर ‘लिंग’ असा एकच रकाना असतो. जन्माच्या दाखल्यावरचं लिंग आणि माणसाचा स्वतःला जाणवणारा लिंगभाव, दोन्ही त्यातच कोंबायचं. समाजाकडे मात्र शब्दांची कमी नाही. यल्लम्माला सोडलेला जोगता वेगळा, गुरू करून घराण्यात गेलेली हिजडा वेगळी, तमिळनाडूत कूवागमच्या जत्रेत महाभारतातल्या अर्जुनाचा मुलगा अरावान याच्या नावाने मंगळसूत्र बांधून घेणारी अरावनी आणखी वेगळी. २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायद्याने किन्नर, हिजडा, अरावनी, जोगता ही नावं थेट व्याख्येत घातली. सोबत ट्रान्स पुरुष, ट्रान्स स्त्री, जेंडरक्वीअर (स्त्री किंवा पुरुष या दोन चौकटींत न बसणारे) आणि जन्मतः आंतरलिंगी (शरीराची लक्षणं ठराविक स्त्री-पुरुष साच्यात न बसणाऱ्या) व्यक्तीही. म्हणजे या व्याख्येत बसायला घराण्यात असणं किंवा शस्त्रक्रिया झालेली असणं, दोन्हीची अट नव्हती.

पुढची रीत या कायद्याखालच्या २०२० च्या नियमांतली आहे. त्यानंतर काही दुरुस्ती झाली आहे का, ते अर्ज भरायच्या दिवशी तृतीयपंथी व्यक्तींसाठीच्या राष्ट्रीय पोर्टलवर (सरकारी संकेतस्थळावर) आधी बघा.

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे, पोर्टलवरूनच. त्या जिल्ह्यात सलग १२ महिने राहिलेलं असावं. सोबत प्रतिज्ञापत्र: मी स्वतःला तृतीयपंथी मानते किंवा मानतो, एवढंच. २०२० च्या नियमांत वैद्यकीय तपासणी नव्हती. कुणी ‘डॉक्टरचं पत्र आणा’ म्हणालं, तर आत्ता लागू असलेला नियम तपासा. अल्पवयीन असल्यास अर्ज पालकांनी करायचा.

गाडी अडते ती पत्त्यावर. आधारवर गावचा पत्ता, जुनं नाव, मिशीतला फोटो. आणि राहणं गुरूच्या खोलीत, जिथे भाडेकरार कुणाच्याच नावावर नाही. तेव्हा आधारचा पत्ता आधी बदलून घेतलेला बरा. अर्जात जुनं आणि निवडलेलं, दोन्ही नावं लिहायची; जुनं नाव आधारवर आहे तसंच, अक्षर न अक्षर.

३० दिवसांत प्रमाणपत्र, मग ओळखपत्र. त्यावर ‘तृतीयपंथी’ अशी नोंद येते. ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ अशी हवी असेल तर कायद्याच्या कलम ७ खाली दुसरा अर्ज, आणि तिथे मात्र शस्त्रक्रिया किंवा तसे उपचार झाल्याचं रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचं किंवा मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र लागतं. २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शस्त्रक्रियेची सक्ती बेकायदा ठरवली होती, हे लक्षात घेतलं तर ही अट खटकतेच.

अर्ज फेटाळला तर ९० दिवसांत अपील करता येतं. फेटाळल्याचं कारण कळवणं बंधनकारक आहे. तो कागद जपून ठेवा.