होम्सचा अभ्यासक वेगळा, डॉयलचा अभ्यासक वेगळा

शेरलॉक होम्सवर अभ्यास करणारी माणसं म्हटलं की आपण सगळ्यांना एकाच पोत्यात घालतो, पण त्यांच्यात सरळसरळ दोन जाती आहेत आणि त्यांचे प्रश्नच मुळात वेगळे आहेत. एक म्हणजे शेरलॉकियन, ज्याला इंग्लंडमध्ये होम्सियन म्हणतात. हा माणूस असं धरून चालतो की डिटेक्टिव्ह होम्स आणि त्याचा मित्र डॉक्टर वॉटसन खरोखर होऊन गेले, कथा वॉटसनने लिहिल्या, आणि आर्थर कॉनन डॉयल हा फक्त त्या छापून आणणारा वॉटसनचा एजंट. दुसरा म्हणजे डॉयलचा अभ्यासक. त्याच्यासाठी होम्स हे पात्र, आणि खरा माणूस म्हणजे 1859 साली एडिंबरात जन्मलेला, डॉक्टरकी शिकलेला, 1930 साली गेलेला लेखक.

आता दोघं समोर ठेवतात ते पुस्तक एकच, म्हणजे 4 कादंबऱ्या आणि 56 कथा. त्यामुळेच गोंधळ होतो.

फरक बघायचा तर लाल केसवाल्यांच्या संघाची कथा घ्या. विल्सन नावाचा गहाणवटीचा धंदा करणारा माणूस पेपरातली या संघाची नोकरीची जाहिरात घेऊन येतो, होम्स वॉटसनला तारीख बघायला सांगतो आणि वॉटसन वाचतो, 27 एप्रिल 1890, बरोब्बर दोन महिन्यांपूर्वीची. म्हणजे आज जूनअखेर असायला हवी ना? विल्सनही म्हणतो की संघाकडे आठ आठवडे काम केलं, विश्वकोश उतरवून काढायचं, आठवड्याला चार पौंड, आणि आज सकाळी जाऊन बघतो तर दाराला कुलूप आणि पुठ्ठ्यावर लिहिलंय की संघ बरखास्त, 9 ऑक्टोबर 1890! बरं एवढ्यावरच थांबत नाही, त्याच दिवशी होम्स म्हणतो की आज शनिवार आहे, आणि 1890 चं कॅलेंडर काढलं तर 9 ऑक्टोबरला येतो गुरुवार.

शेरलॉकियन इथे बाह्या सरसावतो. त्याचं म्हणणं, वॉटसन प्रामाणिक माणूस आहे, तो खोटं लिहिणार नाही, मग चूक कुठे शिरली? अक्षर वाईट होतं म्हणून छापणाऱ्याने महिना चुकीचा वाचला का, की वॉटसनने टिपणं नंतर जुळवली? जे उत्तर द्यायचं ते कथांच्या आतल्याच पुराव्यावरून द्यायचं, डॉयल विसरला असं म्हणून हात झटकायची परवानगी नाही. डोरोथी सेयर्सबाई, ज्या स्वतः डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांमधलं मोठं नाव, त्यांनी या कथेच्या तारखांवर अख्खा निबंध लिहिलाय. हा खेळ लॉर्ड्सवरच्या काउंटी मॅचइतक्या गंभीरपणे खेळायचा, जरा जरी थिल्लरपणा केला तरी रंग जातो, असंही त्यांनीच सांगून ठेवलंय आणि मला ते शंभर टक्के पटतं, कारण या खेळातली मजा सगळी शिस्तीतच आहे.

डॉयलचा अभ्यासक त्याच पानावर थांबतो पण त्याला पडतो दुसराच प्रश्न, की हे लिहिताना डॉयल कुठे होता आणि काय करत होता. उत्तर मिळतं पत्रांत, डायरीत, एजंटकडच्या कागदांत. 1891 चा एप्रिल, डॉयल लंडनमध्ये डोळ्यांचा डॉक्टर म्हणून बसायची धडपड करतोय, पेशंट काही येत नाहीत, आणि तो या छोट्या कथा एकामागून एक लिहून वॉट नावाच्या आपल्या एजंटकडे पाठवतोय. (एजंट वॉट आणि कथेतला वॉटसन, यांचा एकमेकांशी संबंध लावू नका!) त्या वेगात महिने जुळवत कोण बसणार? पुढे मे महिन्यात त्याला इन्फ्लुएंझाने लोळवलं आणि त्याच आजारपणात त्याने डॉक्टरकी सोडून लिहिण्यावर जगायचं ठरवलं. तारखांच्या या घोळातून आपल्याला होम्सबद्दल काहीच कळत नाही, पण डॉयल कसा लिहायचा हे स्वच्छ कळतं. त्याने स्वतः आठवणींमध्ये लिहिलंय की तपशिलांची त्याला कधी धास्ती वाटली नाही, घोड्यांच्या शर्यतीवरच्या कथेत तर त्याचे नियम इतके चुकले होते की एका जाणकाराने पेपरात त्याची पार चिरफाड केली, आणि हे तो मोकळेपणाने सांगतो.

वॉटसनच्या जखमेचंही तसंच. पहिल्या कादंबरीत अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या लढाईतली गोळी खांद्याला, दुसरीत दुखणं पायाला. एकजण दोन गोळ्यांची थिअरी मांडतो, दुसरा म्हणतो की दोन पुस्तकं दोन वेगळ्या प्रकाशकांसाठी काही वर्षांच्या अंतराने लिहिली आणि मागचं उघडून बघितलं नाही. आणि 1892 च्या मार्चमध्ये घडलेली म्हणून सांगितलेली एक केस आहे, जेव्हा दुसऱ्या कथांप्रमाणे होम्स जगाच्या लेखी मेलेला होता!

शेरलॉकियनांच्या या खेळाची सुरुवात साधारण रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकापासून धरतात. 1911 साली ऑक्सफर्डमध्ये त्याने एक निबंध वाचला. बायबलच्या अभ्यासकांची जी पद्धत असते, कुठला भाग अस्सल, कुठला नंतर घुसडलेला, ती जशीच्या तशी होम्सकथांना लावून दाखवली. तो छापून आल्यावर डॉयलने त्याला पत्र लिहून आश्चर्य व्यक्त केलं की या विषयावर कुणी एवढी मेहनत घ्यावी. 1934 साली न्यूयॉर्कमध्ये क्रिस्टोफर मॉर्ले या लेखकाने बेकर स्ट्रीट इर्रेग्युलर्स ही शेरलॉकियनांची मंडळी जमवली आणि 1946 पासून त्यांचं जर्नलही निघायला लागलं.

हा फरक कळणं का गरजेचं आहे तर खेळातले निष्कर्ष लोक फॅक्ट म्हणून उचलतात. होम्सचा जन्म 6 जानेवारी 1854, हे तुम्ही कुठेतरी वाचलं असेलच. डॉयलने ही तारीख कुठेही दिलेली नाही. वर्ष निघतं एका कथेवरून, जिथे 1914 साली तो साठीचा आहे असं वर्णन येतं. आणि 6 जानेवारी? तर होम्स शेक्सपियरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट'मधली ओळ दोनदा वापरतो, ती रात्र सहा जानेवारीच्या सणाशी जोडलेली, शिवाय एका कादंबरीच्या सुरुवातीला सात जानेवारीच्या सकाळी त्याच्यासमोरचा नाश्ता तसाच पडलाय, म्हणजे आदल्या रात्री वाढदिवस झाला असणार. खेळ म्हणून हे अप्रतिमच आहे, पण डॉयलच्या चरित्रात याला जागा नाही.

उलट्या बाजूने, डॉयलचा अभ्यासक फक्त होम्सवर थांबला तर त्याचं काम अर्धवट राहतं. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात ब्लूमफाँटेनच्या हॉस्पिटलमधलं काम, जॉर्ज एडल्जी या निर्दोष माणसासाठी दिलेला लढा, शेवटच्या वर्षांतलं प्रेतात्म्यांचं वेड, ऐतिहासिक कादंबऱ्या, हे सगळं त्याला वाचावंच लागतं, आणि होम्समुळे आपलं मन चांगल्या गोष्टींवरून उडतं असं डॉयलने 1891 मध्येच आईला कळवलेलं असल्यामुळे तर जास्तच.

दोन्हीकडे वावरणारा माणूस म्हणजे रिचर्ड लान्सेलिन ग्रीन. लहान असताना घराच्या माळ्यावर त्याने होम्सची खोली उभी केली होती, मोठेपणी लंडनच्या होम्स सोसायटीचा अध्यक्ष झाला, आणि त्याच माणसाने जॉन मायकेल गिब्सनबरोबर डॉयलच्या संपूर्ण लेखनाची सूची केली जी 1983 मध्ये आली. सूची करताना खेळ नाही, कुठली आवृत्ती कधी, कुठे, कोणी छापली एवढंच. 2004 साली तो गेला आणि त्याचा सगळा संग्रह इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ शहराला मिळाला, ज्याच्या साउथसी भागात डॉयलने 1882 मध्ये दवाखाना थाटला होता आणि होम्सची पहिली कादंबरी लिहिली होती.

त्यामुळे होम्सवरचं काही नवं हातात आलं की मी आधी एकच बघतो, लेखक वॉटसनला पुरावा मागतोय की डॉयलला. वॉटसनला मागत असेल तर मी कथा शेजारी उघडून बसतो, डॉयलला मागत असेल तर 2007 मध्ये आलेला त्याचा पत्रव्यवहार काढतो.