समुद्राच्या मिठात आयोडीन असतं का?

माझ्या भाचीला तिसरा महिना लागला आणि घरात मिठावरून चर्चा सुरू झाली. कुणीतरी तिला पाकिटातलं मीठ बंद करून गुलाबी सैंधव वापरायला सांगितलं होतं, ‘नैसर्गिक’ म्हणून. ताईचं मत वेगळं होतं: आपल्या पेण-उरणच्या आगरातलं जाडं मीठ आणायचं. ते समुद्राचं, मग त्यात आयोडीन असणारच!

मी अनेक शिकलेल्या माणसांच्या तोंडून हेच ऐकलं आहे. पण ते खरं नाही.

एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात आणि आयोडीन मात्र 50 ते 60 मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. क्षणभर धरून चालू की हे सगळं आयोडीन मिठात उतरलं. तरीही दिवसाच्या 5 ग्रॅम मिठातून पोटात जाणार जेमतेम 8 मायक्रोग्रॅम. प्रत्यक्षात तेवढंही उतरत नाही. आगरात मीठ जमतं तेव्हा बरंचसं आयोडीन खाली उरलेल्या कडवट पाण्यात राहतं. सैंधव हेही कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचंच मीठ, त्यामुळे त्याची गत वेगळी नाही. मोठ्या माणसाला रोज लागतं 150 मायक्रोग्रॅम, आणि गरोदर बाईला जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 250.

समुद्रातलं आयोडीन खरं साठतं ते समुद्री शेवाळात आणि मासळीत. 1811 मध्ये बर्नार्ड कुर्त्वा या फ्रेंच माणसाला हे मूलद्रव्य सापडलं, तेही शेवाळाच्या राखेतच. त्या राखेवर काम करताना त्याला जांभळ्या वाफा दिसल्या होत्या. बांगडा-कोळंबी रोज ताटात असणाऱ्याला त्यातून थोडंफार मिळतं. घाटावरच्या शाकाहारी घराला दूध सोडलं तर फारसा आधार नाही.

शरीराला आयोडीन लागतं एकाच मुख्य कामासाठी. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी त्यापासून संप्रेरकं बनवते. थायरॉक्सिन या संप्रेरकाच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात आणि त्यांच्या जागी दुसरं काही चालत नाही. सत्तर वर्षांच्या आयुष्याची एकूण गरज काढली तर ती चार ग्रॅमच्याही आत भरते, चहाचा एक चमचासुद्धा नाही. पण तो चमचा एकदम घेऊन भागत नाही, थोडं थोडं रोज मिळावं लागतं. नाही मिळालं तर ग्रंथी मिळेल तो कण पकडण्यासाठी वाढत जाते आणि गळा सुजतो. आपल्याकडे त्याला गलगंड म्हणतात.

हिमालयाच्या पायथ्याशी गलगंड पिढ्यानपिढ्या होता. हिमनद्यांनी आणि पावसाने तिथल्या मातीतलं आयोडीन धुऊन नेलेलं. माती रिकामी, म्हणून धान्य रिकामं, म्हणून माणूस रिकामा. हा नुसत्या गळ्याचा प्रश्न असता तर एक वेळ चाललं असतं. पण पोटातल्या बाळाचा मेंदू घडायलाही हीच संप्रेरकं लागतात. जिथे टंचाई तीव्र होती अशा गावांत काही मुलं जन्मतःच मूकबधिर, खुरटलेली, मतिमंद निघत. बाकीची मुलं वरवर धडधाकट दिसत, पण बुद्धीने काहीशी मागे राहत. अनेक अभ्यास एकत्र केले तेव्हा तीव्र टंचाईच्या भागातल्या लोकांचा बुद्ध्यांक सरासरी 13.5 गुणांनी कमी आढळला. एखादं मूल वर्गात मागे पडलं तर त्याचं कारण मिठात आहे, असं कुणाच्या मनात तरी कसं यावं?

यावर आपल्या देशात झालेला, आजच्या हिमाचल प्रदेशातल्या कांगडा खोऱ्यातला प्रयोग मला सार्वजनिक आरोग्यातलं एक फार मोठं काम वाटतं. 1956 मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे लाखभर वस्तीच्या या खोऱ्याचे तीन भाग पाडले. एका भागाला पोटॅशियम आयोडाइड घातलेलं मीठ, दुसऱ्याला पोटॅशियम आयोडेट घातलेलं, आणि मधल्या भागाला साधं मीठ. सुरुवातीला तिन्हीकडे शंभरातल्या चाळीसेक लोकांना गलगंड होता. पाच-सहा वर्षांनी पुन्हा तपासणी झाली. आयोडीन मिळालेल्या दोन्ही भागांत हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आलं होतं. मधल्या भागात काहीच हललं नव्हतं. मग त्या भागालाही आयोडीनयुक्त मीठ सुरू झालं आणि तिथला गलगंडही उतरू लागला.

मधल्या भागातल्या त्या कुटुंबांनी ती वर्षं साध्या मिठावर काढली. त्या काळात तिथे ज्या आया गरोदर राहिल्या, त्यांच्या मुलांचा विचार मनातून जात नाही. आज स्वयंपाकघरात चिमूटभर मीठ टाकताना आपण ज्यांचे ऋणी आहोत, त्यांत ही माणसं पहिली. 1973 साली या प्रयोगाचा सविस्तर शोधनिबंध जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला. त्याच्या लेखकांत देव आणि करमरकर ही दोन मराठी आडनावं आहेत, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असेल.

या प्रयोगामुळे आयोडेटची उपयुक्तताही कळली. आपल्या दमट, उष्ण हवेत आयोडाइड लवकर उडून जातं, आयोडेट टिकतं. म्हणून आपल्या मिठात आयोडेट असतं. 1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम आला, पण त्याचा भर डोंगराळ पट्ट्यावर होता. पुढे पाहण्या झाल्या तेव्हा मैदानी भागांत, महाराष्ट्राच्याही काही भागांत टंचाई दिसली आणि ऐंशीच्या दशकात सगळ्या देशाचं खाण्याचं मीठ आयोडीनयुक्त करायचं ठरलं. बिनआयोडीनच्या मिठाच्या विक्रीवर देशभर बंदी आली, 2000 मध्ये ती उठली आणि 2006 मध्ये परत लागू झाली. बंदी उठवण्यामागे लहान मीठ उत्पादकांची बाजू होती आणि ती खोटी नव्हती. मिठागरावर उन्हात राबणाऱ्याला आयोडेटची फवारणी करायचं यंत्र परवडत नाही. पण त्यावरचा उपाय त्याला यंत्र मिळवून देणं हा आहे. 2018-19 च्या राष्ट्रीय पाहणीत पुरेसं आयोडीन असलेलं मीठ 76.3 टक्के घरांत सापडलं. म्हणजे चारातल्या एका घरात अजूनही नाही.

रक्तदाबासाठी मीठ कमी करा असं डॉक्टर सांगतात तेव्हा लोक गोंधळतात. मीठ जरूर कमी करावं, पण जे खाऊ ते आयोडीनचं असावं. कारखान्यातून निघताना मिठात दहा लाख भागांत 30 भाग आयोडीन असलं आणि ते तसंच टिकलं, तर 5 ग्रॅममध्ये 150 मायक्रोग्रॅम भरतात. उघड्या बरणीत, ओलसर चमच्याने आणि शिजताना त्यातलं काही जातं. त्यामुळे बरणीचं झाकण घट्ट हवं आणि मीठ शक्यतो स्वयंपाकाच्या शेवटी घालावं. ज्यांना थायरॉइडचा आजार आहे त्यांनी मनाने मीठही बदलू नये आणि गोळीही थांबवू नये, डॉक्टरांना विचारावं.

भाचीला मी एवढंच सांगितलं की बाळाची स्वतःची थायरॉइड नीट काम करू लागायला जवळपास अर्धं गरोदरपण जातं, आणि तोवर त्याच्या मेंदूला लागणारं संप्रेरक तिच्याच रक्तातून जातं. तिने सैंधवाची पिशवी ताईकडे दिली. ताईने ती लोणच्याच्या बरण्यांमागे ठेवून दिली आणि दुकानात जाऊन पाकिटावरचा ‘आयोडीनयुक्त’ हा शब्द स्वतः वाचून एक किलो मीठ आणलं.