चार्जरच्या फलकावरचे किलोवॉट आणि बॅटरीत उतरणारे किलोवॉट

बेळगावहून निपाणी, कोल्हापूरमार्गे पुण्याकडे जाणाऱ्या महामार्गावर हॉटेलांच्या आणि पेट्रोल पंपांच्या आवारात विजेच्या गाड्यांचे चार्जर आता दिसू लागले आहेत, आणि त्यांच्यासोबत एक तक्रारही ऐकू येते: फलकावर 60 किलोवॉट लिहिलेले असताना पडद्यावर मात्र 25 किंवा 30 चाच आकडा दिसतो, तेव्हा चार्जर बिघडलेला असावा. कधीकधी तो खरोखरच बिघडलेला असतो. परंतु बहुतेक वेळा फलकावरचा आणि पडद्यावरचा असे दोन्ही आकडे बरोबर असतात, कारण ते दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. फलकावरचा आकडा म्हणजे तो चार्जर जास्तीत जास्त किती वेगाने वीज देऊ शकतो याची मर्यादा. पडद्यावरचा आकडा म्हणजे त्या क्षणी गाडीची बॅटरी किती वेगाने वीज घेत आहे, तो वेग.

जलद चार्जिंगमध्ये वीज किती सोडायची हे चार्जर ठरवत नाही. गाडीतील बॅटरी नियंत्रण यंत्रणा, म्हणजे बीएमएस, प्रत्येक सेलचे, म्हणजे बॅटरी ज्या छोट्या घटकांची बनलेली असते त्यांचे, व्होल्टेज आणि तापमान पाहून चार्जरकडे ठरावीक अँपिअरची मागणी सतत नोंदवत असते आणि चार्जर आपल्या मर्यादेत राहून तेवढेच देतो. दोन मर्यादांपैकी जी लहान, तीच लागू होते. किलोवॉट म्हणजे व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार असल्यामुळे, 320 व्होल्टच्या आसपास चालणाऱ्या बॅटरीला 150 अँपिअरची मर्यादा असलेल्या चार्जरवरून 48 किलोवॉटच मिळतात, मग फलकावर 60 का लिहिलेले असेना. शिवाय एकाच यंत्राला दोन गन, म्हणजे गाडीला जोडायचे दोन प्लग, असतील आणि दुसरीवरही गाडी लागलेली असेल, तर अनेक ठिकाणी 60 चे 30 आणि 30 असे वाटप होते.

घरच्या चार्जिंगचा हिशेब निराळा आहे. तेथे भिंतीवरच्या पेटीतून एसी (घरगुती पुरवठ्याची) वीज येते आणि तिचे बॅटरीला लागणाऱ्या डीसीमध्ये रूपांतर गाडीतला चार्जर करतो, तो 3.3 किलोवॉटचा असेल तर 7.2 किलोवॉटची पेटी बसवूनही वेग वाढत नाही.

आता मुख्य प्रश्न असा की बॅटरी स्वतःच कमी का मागते. चार्जिंग होताना लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, सेलच्या ऋण टोकाकडील ग्राफाइटच्या थरांमध्ये शिरत असतात. बॅटरी 15 किंवा 20 टक्क्यांवर असताना थरांत भरपूर जागा रिकामी असते, त्यामुळे मोठा प्रवाह सहज सामावतो. जसजशी जागा भरत जाते, तसतसा आयनांना आत शिरायला अधिक वेळ लागतो. तरीही प्रवाह तसाच रेटला, तर काही लिथियम थरांत न जाता ग्राफाइटच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचते. हे साचलेले लिथियम बरेचसे परत वापरात येत नाही, म्हणजे बॅटरीची क्षमता कायमची घटते, आणि साठा वाढत गेला तर सेलच्या आत शॉर्ट सर्किट होण्याचा धोकाही उभा राहतो. म्हणून सेलचे व्होल्टेज वरच्या मर्यादेला टेकू लागले की बीएमएस प्रवाह उतरवत नेते. पडद्यावरचा घसरणारा आकडा हा बॅटरीला जपण्याचा उपाय आहे, आणि मला वाटते की हे प्रत्येक गाडीमालकाला विक्रीच्या वेळीच समजावून सांगायला हवे.

कंपन्यांच्याच आकड्यांवरून हा फरक पडताळता येतो. ह्युंदाईची आयोनिक 5 ही 72.6 किलोवॉट-तासांची बॅटरी असलेली गाडी 350 किलोवॉटच्या चार्जरवर 10 ते 80 टक्के 18 मिनिटांत होते, असे कंपनी सांगते. बॅटरीत जाणारी वीज सुमारे 51 युनिट (एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास). ती 18 मिनिटांत भरली म्हणजे सरासरी वेग 170 किलोवॉटच्या आसपास, फलकाच्या निम्म्याहून कमी. महिंद्राच्या बीई 6 ची 79 किलोवॉट-तासांची बॅटरी 175 किलोवॉटवर 20 ते 80 टक्के 20 मिनिटांत होते, म्हणजे सरासरी सुमारे 142. त्यामुळे गाडी घेताना कमाल किलोवॉट विचारण्यापेक्षा 10 ते 80 टक्क्यांना किती मिनिटे लागतात, हे विचारणे अधिक उपयोगाचे.

तापमानाचाही यात मोठा वाटा आहे. थंड बॅटरीत आयन मंदावतात आणि वर सांगितलेला लिथियम साचण्याचा धोका वाढतो. बेळगाव, खानापूर भागात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे रात्रभर उघड्यावर उभी असलेली गाडी थेट जलद चार्जरला लावली, तर सुरुवातीचा आकडा कमी दिसणे स्वाभाविक आहे. तीच गाडी तासभर चालवून लावली तर चित्र बदलते. याउलट एप्रिल-मेच्या दुपारी महामार्गावर वेगाने आलेली बॅटरी आधीच तापलेली असते आणि थंड करणारी यंत्रणा पुरी पडेपर्यंत बीएमएस हात आखडता घेते.

पुण्याच्या प्रवासात या फरकाचा पैसा आणि वेळ दोन्हींवर परिणाम होतो. 45 किलोवॉट-तासांची गाडी महामार्गावर युनिटला साडेसहा-सात किलोमीटर देते असे धरू. बेळगावहून पूर्ण भरून निघालेली ही गाडी सुमारे 110 किलोमीटरवरच्या कोल्हापुरात पोहोचते तेव्हा तिच्यात 60-65 टक्के चार्ज शिल्लक असतो. जेवणासाठी थांबलोच आहोत तर 100 करून घेऊ, असा विचार येथे बहुतेक जण करतात. पण हाच टप्पा सर्वांत मंद असतो, आणि मिनिटांवर पैसे घेणारे किंवा चार्जिंग संपल्यावर जागा अडवल्याचा आकार लावणारे केंद्र असेल तर तो महागही पडतो. त्याऐवजी साताऱ्याच्या आसपास 20 टक्के उरले असताना थांबून 70 वर निघाल्यास साधारण 22 युनिट वेगवान टप्प्यात मिळतात, आणि ते पुण्यापर्यंत पुरतात. अर्थात साताऱ्याचे केंद्र बंद निघाले तर पुढचे गाठता येईल एवढे टक्के हाताशी ठेवूनच हा बेत करावा.

घरी संथ गतीने 100 टक्के करण्याबाबत मात्र बॅटरीचा प्रकार पाहावा लागतो. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीचे व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट राहते, त्यामुळे टक्केवारीचा अंदाज चुकू नये म्हणून ती अधूनमधून पूर्ण भरण्याची शिफारस कंपन्या करतात. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) बॅटरी रोजच्या वापरात 80 टक्क्यांपर्यंत ठेवलेली बरी. पण बेळगावहून आंबोली किंवा चोर्ला घाट उतरायचा असेल, तर दोन्ही प्रकारांत थोडी जागा रिकामी ठेवावी, कारण भरलेल्या बॅटरीत उतारावर गाडीचा वेग रोखताना मोटर परत तयार करते ती रिजनरेशनची वीज मावत नाही आणि गाडी रोखण्याचा सारा भार ब्रेकवर येतो.

चार्जरबद्दल तक्रार नोंदवण्यापूर्वी बॅटरीची टक्केवारी, दुसऱ्या गनवर गाडी आहे की नाही आणि बॅटरी फार गार किंवा तापलेली आहे का, या तीन गोष्टी तपासाव्यात. गाडी 30 टक्क्यांवर आहे, तासभर चालून आलेली आहे, शेजारची गन मोकळी आहे, एरवी ती इतरत्र 45 किलोवॉट घेते आणि येथे मात्र 15 वरच अडली आहे, अशी स्थिती असेल तर दोष चार्जरकडेच असण्याची शक्यता जास्त. तेव्हा पडद्यावरचे व्होल्ट, अँपिअर आणि टक्केवारी एकाच छायाचित्रात घेऊन तक्रारीला जोडावी, म्हणजे तपासणाऱ्याला नेमके काय पाहायचे ते कळते.