माशांच्या खाद्यातली अमिनो ॲसिड्स

पाळलेल्या माशांच्या खाद्यात वरून अमिनो ॲसिड (प्रोटीन ज्या छोट्या तुकड्यांपासून बनतं ते) घालतात ते टॉनिक म्हणून नाही, खाद्यात जे कमी पडतंय ते भरून काढायला. माशाला 10 अमिनो ॲसिड्स खाण्यातूनच मिळावी लागतात आणि फिशमीलमध्ये (सुकवलेल्या माशांच्या भुकटीत) ती सगळी बऱ्यापैकी नीट प्रमाणात असायची, म्हणून आधी कोणी फार डोकं लावत नव्हतं. मग फिशमील महागलं, त्याजागी सोयाबीन पेंड आणि मका-गव्हाचं ग्लुटेन (त्यांच्यातलं प्रोटीन) आलं आणि तिथे गडबड झाली, कारण सोयाबीनमध्ये मिथिओनिन कमी, मका-गव्हात लायसिन कमी, आणि ही दोन्ही त्या 10 पैकीच. एक जरी कमी पडलं तरी बाकीच्यांचं प्रोटीन बनत नाही, मासा ती जाळून टाकतो, त्यातला नायट्रोजन अमोनिया होऊन कल्ल्यांतून बाहेर पडतो, म्हणजे वाढ पण गेली आणि पाणी पण खराब.

कमतरता अंगावर दिसते. ट्राउटला लायसिन कमी पडलं की शेपटीचा पर झिजतो, ट्रिप्टोफॅन कमी पडलं की कणा वाकडा होतो, मिथिओनिन कमी तर मोतीबिंदू.

मोतीबिंदूचा खरा धडा मिळाला तो अटलांटिक सॅल्मनकडून. 1990 च्या दशकात मॅड काऊ या गुरांच्या रोगाच्या भीतीने खाद्यातलं ब्लडमील (जनावरांच्या रक्ताची भुकटी) काढलं आणि पिंजऱ्यातल्या सॅल्मनचे डोळे पांढरे पडायला लागले. ब्लडमीलमध्ये हिस्टिडिन हे अमिनो ॲसिड भरपूर असतं, त्यापासून डोळ्याच्या भिंगात एन-ॲसिटाइल हिस्टिडिन बनतं आणि ते भिंगातल्या पाण्याचा तोल सांभाळतं. गंमत बघा, वाढीसाठी किलोभर खाद्यात साधारण 8 ग्रॅम हिस्टिडिन पुरतं पण डोळे शाबूत ठेवायला 13 ते 14 ग्रॅम लागतं, म्हणजे वजन मस्त वाढतंय आणि मासा आंधळा होतोय असंही होऊ शकतं.

टॉरिन प्रोटीनमध्ये नसतंच, तरी ते याच यादीत धरतात. जपानमध्ये रेड सी ब्रीम आणि यलोटेलला फिशमीलशिवाय वाढवलं तेव्हा लिव्हर हिरवं पडलं, टॉरिन घातल्यावर थांबलं. ट्रिप्टोफॅनपासून मेंदूत सेरोटोनिन (शांत ठेवणारं रसायन) बनतं, त्यामुळे जास्तीचं ट्रिप्टोफॅन दिलेले ट्राउट एकमेकांवर कमी धावून जातात. आर्जिनिन रोगाशी लढणाऱ्या पेशींना नायट्रिक ऑक्साइड (जंतू मारायला वापरतात तो वायू) बनवायला लागतं, पण म्हणून ते जास्त घातलं की मासा आजारीच पडत नाही असं काही नाही, रिझल्ट माशागणिक बदलतात.

अडचण अशी, सुटं अमिनो ॲसिड पेलेटमधून (खाद्याच्या गोळीतून) पाण्यात विरघळून जातं, आणि पोटात गेलं तरी प्रोटीनमधल्यापेक्षा आधी शोषलं जातं, मग दोघांची वेळ जुळत नाही. कार्पला तर जठरच नसतं, त्याच्यात हे जास्तच जाणवतं. म्हणून कोटिंग करून देतात, किंवा दिवसातून जास्त वेळा थोडं थोडं.