थाई घरगुती स्वयंपाक

थायलंडमधील घरांत रोज रांधल्या जाणाऱ्या अन्नाची पद्धत व ती शिकण्याची रीत. उपाहारगृहांमुळे फत थाई (परतलेल्या नूडल्स) आणि हिरवी करी जगभर पोहोचली. थाई घरात मात्र स्वयंपाकाचा विचार भातापासून सुरू होतो. भाताशी खायच्या सगळ्या पदार्थांना थाई भाषेत ‘कप खाव’ म्हणतात, म्हणजे ‘भाताबरोबरचे’. स्वयंपाक करणे म्हणजे ‘थम कप खाव’, आणि ओळखीचे कोणी भेटले की ‘किन खाव रू यांग’, भात खाल्ला का, असे विचारतात. ज्यांच्या तोंडी ‘कालवण’ हा शब्द आहे त्यांना यातले मर्म लगेच कळेल. थाई पदार्थ नुसता चाखून तो खारट किंवा जहाल ठरवणे बरोबर नाही. तो नुसता खाण्यासाठी केलेलाच नसतो.

घरच्या जेवणात एखादी रस्सेदार ‘कॅंग’, एक परतलेला पदार्थ, एक तिखट चटणी, कच्च्या-उकडलेल्या भाज्या आणि सौम्य सूप असे सारे एकदम मध्ये मांडतात. प्रत्येक जण भातावर एका वेळी एखाददुसरा चमचाच वाढून घेतो. जेवण चमच्या-काट्याने होते. काट्याने घास चमच्यात लोटायचा. चॉपस्टिक मुख्यतः नूडल्सपुरत्या.

भात बिनमिठाचा, बिनतेलाचा. पाण्याचे माप अनेक घरांत बोटाच्या पेराने घेतात, जसे आपल्याकडेही घेतात. मध्य व दक्षिण भागात लांब दाण्याचा मोकळा भात असतो. त्यातला सुवासिक ‘होम मली’ प्रसिद्ध असून (मली म्हणजे मोगरा) त्याचे ‘खाव दोक मली १०५’ हे वाण १९५९ मध्ये लागवडीसाठी प्रसारित झाले. उत्तरेत आणि ईशान्येकडील इसानमध्ये चिकट तांदूळ कित्येक तास भिजवून बांबूच्या टोपलीत वाफवतात आणि हाताने गोळी करून खातात.

शिकणाऱ्याने पहिली ओळख करून घ्यावी ती ‘ख्रोक’ आणि ‘साक’ यांची, म्हणजे खल आणि बत्ता. वाटणासाठी दगडी खल. सोम ताम या कच्च्या पपईच्या कोशिंबिरीसाठी मातीचा उंच खल व लाकडी बत्ता. कोथिंबिरीची मुळे, लसूण आणि पांढरी मिरी या तिघांना ‘साम क्लो’, म्हणजे तीन दोस्त, म्हणतात. हे कुटून खिम्यात, सुपात, मॅरिनेडमध्ये घातले की पदार्थ ओळखू येण्याइतका थाई होतो. आपल्याकडे मुळे कापून टाकली जातात. थाई स्वयंपाकात त्यांचे मोल पानांहून जास्त.

खारटपणा बहुतेक वेळा मिठाऐवजी ‘नाम प्ला’तून येतो. लहान मासे आणि मीठ वर्षभर किंवा त्याहून अधिक मुरवून निथळलेला हा पिंगट रस. आंबटासाठी लिंबू किंवा चिंच, गोडव्यासाठी ताडगूळ, तिखटासाठी ‘फ्रिक खी नू’ ही इवलीशी मिरची. तिच्या नावाचा अर्थ ‘उंदराच्या लेंडीएवढी’. यांची प्रमाणे ग्रॅममध्ये सांगणारी कृती उपयोगी असते, पण तिथे शिकणे संपत नाही. प्रत्येक लिंबू वेगळे, प्रत्येक बाटलीतला नाम प्ला वेगळा. म्हणून ‘छिम’ ही क्रिया, चाखणे, स्वयंपाकाचाच भाग मानली जाते: थोडे घाला, चाखा, पुन्हा घाला. चवी एकमेकींत मुरून गोलाई आली की ‘क्लोम क्लोम’ झाले म्हणतात. तोम याम या आंबट-तिखट सुपाचे लिंबू आच बंद केल्यावरच पिळायचे, नाहीतर रस्सा कडवटतो आणि लिंबाचा ताजेपणा जातो.

आरंभासाठी दोन पदार्थ उत्तम. पहिला ‘खाय च्याव’: अंडी नाम प्ला घालून फेसायची आणि भरपूर कडकडीत तेलात उंचावरून ओतायची, ती फुगून कडेने कुरकुरीत होतात. दुसरा ‘फत कफ्राव’. लसूण-मिरची भरड कुटून तेलात टाकायची, तिचा ठसका उठताच खिमा घालायचा, नाम प्ला, सोया सॉस, ऑयस्टर सॉस आणि चिमूटभर साखर. शेवटी मूठभर कफ्रावची पाने घालून लगेच उतरवायचे, भातावर वाढून वर तळलेले अंडे ठेवायचे. काय मागवावे सुचेना की लोक हाच मागवतात, म्हणून त्याला ‘विचार संपल्यावरचा पदार्थ’ म्हणतात. त्यात चवळीच्या शेंगा घालाव्यात की नाही, यावर थाई लोक तावातावाने वाद घालतात.

कफ्राव म्हणजे तुळसच. वृंदावनातली तुळस कढईत घालणे मराठी घरात अनेकांना रुचणार नाही. तेव्हा ‘होराफा’ वापरून वेगळा पदार्थ होतो, पण चांगला होतो. ही ज्या सब्जाचे बी आपण सरबतात भिजवतो त्याच जातीतली. गवती चहा (तखराय), कुलंजन (खा) आणि नाळीची भाजी हीही आपल्या ओळखीची. मक्रूत लिंबाच्या पानांना मात्र जोड नाही. कुलंजनाऐवजी आले घालू नये, चव पार बदलते.

खरी कसोटी वाटणाची. कोरडे मसाले आधी कुटायचे, मग मिठाबरोबर मिरच्या, मग गवती चहाचे दांडे, कुलंजन, मक्रूतची साल, कोथिंबिरीची मुळे. नंतर लसूण आणि छोटे कांदे, सर्वांत शेवटी ‘कापि’, म्हणजे आंबवलेल्या बारीक कोळंबीचा लगदा. चिवट ते पाणीदार असा हा क्रम आहे, कारण कांदा आधी घातला तर सारे बत्त्याखालून निसटते. मिक्सरला पाणी लागते आणि मग वाटण परतण्याऐवजी शिजते. खलात तंतू चिरडून तेल सुटते. लाल वाटणाला भिजवलेल्या सुक्या मिरच्या, हिरव्याला ताज्या.

नारळ खवण्याच्या जुन्या बैठ्या खवणीला ‘क्रताय’, म्हणजे ससा, म्हणतात. लाकडाच्या सशाच्या तोंडात लोखंडी दाते. कोकणातल्या विळीशी तिचे नाते डोळ्यांना चटकन दिसते. नारळाच्या जाड रसाला ‘हुआ’ (डोके) आणि पातळ रसाला ‘हांग’ (शेपूट) हे शब्द आहेत. जाड रस आटवून तेल सुटू द्यायचे, याला ‘तॅक मन’ म्हणतात, आणि त्या तेलात वाटण परतायचे. डब्यातल्या नारळाच्या दुधात ते फुटू नये म्हणून घटक घातलेले असतील, तर कितीही ढवळून तेल सुटत नाही. तिथे चमचाभर तेल घालणे हाच उपाय.

इतक्या तिखट स्वयंपाकातली मिरची परकी आहे. गोवा घेतल्यानंतर पुढच्याच वर्षी, १५११ मध्ये, पोर्तुगीजांचा दूत अयुथयेच्या, म्हणजे तेव्हाच्या थाई राजधानीच्या, दरबारी पोहोचला, आणि अमेरिकेतली मिरची याच व्यापाराच्या काळात इकडे आली. त्याआधी ‘फ्रिक’ म्हणजे मिरी. मिरचीने ते नाव घेतले आणि मिरीला ‘फ्रिक थाई’, थाई मिरी, म्हणावे लागले. मराठीत मिरीवरूनच मिरची झाली.

घरच्या जेवणाचा आत्मा करीमध्ये नसून ‘नाम फ्रिक’मध्ये आहे, असे म्हणायला जागा आहे. कापि, लसूण, मिरची, लिंबू, ताडगूळ खलात कुटलेली ही चटणी भाज्या आणि तळलेल्या ‘प्ला थू’बरोबर खातात. प्ला थू बांगड्याच्याच प्रजातीतला.

चांगल्या स्वयंपाक्याच्या हाताला चव असते, हे मराठीतले म्हणणे थाईतही आहे: ‘रोत मू’, हाताची चव. आईच्या, आजीच्या शेजारी बसून कुटताना ती उतरते, असे मानतात. ती कागदावरही उतरते: अंत्यसंस्काराच्या वेळी स्मरणपुस्तिका वाटण्याची थायलंडमध्ये प्रथा आहे, आणि त्यांत कधी मृत व्यक्तीच्या पाककृती छापलेल्या असतात. अनेक घरांची चव अशा पुस्तिकांतून टिकली आहे. परदेशी लोकांसाठी उत्तरेतल्या चियांग माई शहरात स्वयंपाकाचे वर्ग चालतात; त्यांची सुरुवात बहुधा बाजारातल्या फेरीने होते.

बँकॉकमध्ये बरेच जण संध्याकाळी रबर बँडने बांधलेल्या पिशव्यांतून कॅंग घरी नेतात. अशा गृहिणींना ‘प्लास्टिक पिशवीवाल्या’ म्हणतात. बाजारात वाटणांचे ढीग वजनावर मिळतात आणि ते घेण्यात कमीपणा मानत नाहीत. नवशिक्यानेही तिथूनच सुरुवात करायला हरकत नाही. कॅंग बाहेरून आली तरी अनेक घरांत भात मात्र घरीच लागतो.