मिरची वाळवायचं यंत्र घेताना आधी पंखा पाहा

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात मिरची वाळवायला यंत्र लागत नाही. पारा चाळिशीपार असतो, हवा कोरडी असते. गच्चीवर जुनं धोतर अंथरून मिरची पसरली की काम झालं. वर पातळ फडकं घातलं तर आणखी चांगलं. मिरचीचा लाल रंग कॅप्सॅन्थिन या रंगद्रव्यामुळे असतो आणि प्रखर उन्हात ते विरत जाऊन मिरची पांढुरकी पडते.

ड्रायर उपयोगी पडतो तो पावसाळ्यात. आपल्याकडे सप्टेंबरात पावसाचा जोर असतो आणि कुंडीतली लवंगीही त्याच दिवसांत लाल होत असते. दमट हवेत मिरची लवकर सुकत नाही, तोवर आत अ‍ॅस्परजिलस बुरशी धरते. या बुरशीच्या काही जाती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. ते यकृताला घातक असतं आणि मिरची भाजली तरी पुरतं नष्ट होत नाही. म्हणून बुरशी आलेली मिरची पुसून डंकावर नेऊ नका, टाकून द्या.

यंत्र नेमकं करतं काय? 25 अंश तापमानाची, 85 टक्के आर्द्रतेची पावसाळी हवा 55 अंशांपर्यंत तापवली, तर तिच्यात वाफ तेवढीच राहते, पण सापेक्ष आर्द्रता 17 टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे भर पावसात पेटीपुरता मे महिना तयार होतो. हीटरचं काम इथे संपलं. मिरचीतून निघालेली वाफ तिच्याभोवतीच घुटमळत राहिली तर वाळणं मंदावतं; ती बाहेर नेतो पंखा.

दुकानात मात्र वॅटचा आकडा आधी सांगितला जातो. थोडा हिशेब करू. एक किलो ओल्या लाल मिरचीत पाऊण किलो पाणी धरलं, तर 10 टक्के ओलाव्यापर्यंत आणताना सुमारे 720 ग्रॅम पाणी उडवावं लागतं. त्याला लागणारी ऊर्जा जेमतेम अर्धा युनिट. 400 वॅटचं यंत्र दहा तास पूर्ण ताकदीने चाललं तर चार युनिट जळतील. उरलेली बहुतेक उष्णता बाहेर जाणाऱ्या हवेबरोबर निघून जाते. घरच्या एक-दोन किलोंसाठी हजार वॅटची गरज नाही, आणि अर्धे ट्रे रिकामे ठेवून यंत्र चालवणं तर निव्वळ नासाडी आहे.

वाऱ्याचं महत्त्व पाहायला लांब जावं लागत नाही. पंढरपूर भागातल्या बेदाणा शेडमध्ये द्राक्षं जाळीच्या रॅकवर, सावलीत, वाऱ्यावर वाळतात. त्याआधी ती पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या द्रावणात बुडवतात, कारण द्राक्षाच्या सालीवरचा मेणाचा थर पाणी अडवून धरतो. मिरचीची सालही तशीच मेणचट असते. तिला द्रावण नको, उभी चीर पुरे. चिरलेली मिरची 55 अंशांवर साधारण आठ ते बारा तासांत वाळते, आख्खीला त्याच्या दुप्पटही लागू शकतात. चिरताना हातमोजे घाला. तिखटपणा देणारं कॅप्सेसिन पाण्यात फारसं विरघळत नाही, नुसत्या पाण्याने हात धुऊन ते जात नाही.

गोल ट्रे एकावर एक रचलेल्या यंत्रात पंखा सहसा तळाशी असतो. ते स्वस्त पडतं, पण हवा वर जाता जाता ओली होते. ट्रेची अदलाबदल करत राहावं लागतं. पाठीमागे पंखा असलेल्या पेटीत प्रत्येक ट्रेवरून आडवी हवा फिरते. परवडत असेल तर माझं मत याच पेटीला. थर्मोस्टॅट मात्र कुठल्याही यंत्रात हवाच, 50 ते 60 अंश नेमके धरणारा. 70 च्या वर साल आधी कडक होते, आत ओल अडकते आणि रंग तपकिरी होतो. बऱ्याच एअर फ्रायरचं किमान तापमान 80 अंश असतं, त्यामुळे ते या कामाचे नाहीत. टायमर नसला तरी चालेल. यंत्र बाल्कनीत किंवा खिडकीपाशी ठेवा, नाहीतर घरभर ठसका लागतो.

वाळलेली मिरची वाकवताच कडकन मोडली पाहिजे. थंड झाल्यावर काचेच्या बरणीत आठवडाभर ठेवा, रोज हलवा. काचेला आतून दव दिसलं तर पुन्हा दोन तास ड्रायरमध्ये.